झाकण नसलेल्या खड्ड्याचा दावा

आमचं घर मिठागराच्या बांधावर होतं. घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पेंढा. चारी बाजूंना खारं पाणी. प्यायचं पाणी आई डोक्यावरून आणायची, जिथून मिळेल तिथून. वडील मीठ ओढायचे. पाऊस लागला की मिठागर बंद, आणि मिठागर बंद म्हणजे दोन वेळची पेज एका वेळेवर यायची. वडिलांच्या टाचांना अशा भेगा होत्या की संध्याकाळी आई कोकमाचं तेल गरम करून त्यात भरायची आणि मी दिवा धरायची. वडील कण्हायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "तू शिक गो बाय. या पान्यात तुझे पाय घालू नको."

मी शिकले. आमच्या वस्तीत पदवी घेतलेली पहिली मुलगी मी. मुलगी कशाला, पहिलं माणूस मी. पुढे कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली आणि माणिकपूरला एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कोणाला फुशारकी वाटली तर वाटू दे.

संपादकांनी "वकिलीतले गमतीदार अनुभव" मागितले आहेत. गमती पुष्कळ झाल्या, पण रात्रंदिवस डोक्यात राहिला तो दावा गमतीचा नव्हता.

आधी धंदा काय असतो ते सांगते. नव्वदच्या दशकात वसईच्या न्यायालयात आमच्यासारख्यांकडे यायचं काय, तर जमिनीचे वाद, वारसांची भांडणं, फ्लॅटचा ताबा न मिळालेली माणसं आणि न वटलेले चेक. अपघाताचे दावे वेगळे. तुम्हाला एखाद्या टेम्पोनं उडवलं तर टेम्पोला नंबर असतो, मालक असतो, विमा असतो. त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे आणि तिथे नेमानं जाणारे वकील आहेत. पण तुम्हाला खड्ड्यानं पाडलं तर? खड्ड्याला नंबर नसतो. त्याचा मालक आधी शोधावा लागतो, आणि तो कधीच घरी सापडत नाही. नगरपरिषद म्हणते रस्ता बांधकाम खात्याचा. बांधकाम खातं म्हणतं जुन्या ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायत नगरपरिषदेत विलीन होऊन गेलेली. नव्या वसाहतीत तर रस्ता बिल्डरचा, आणि बिल्डर दुसऱ्या वसाहतीत.

त्यामुळे खड्ड्याची माणसं माझ्याकडे यायची आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवायची. आचोळ्याचा एक रिक्षावाला रिक्षाचा मोडलेला शॉकअब्सॉर्बर घेऊन आला आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "मॅडम, हा घ्या पुरावा, ठोका केस!" टेबलावरच्या ग्रीसचा डाग वर्षभर गेला नाही. एका निवृत्त गृहस्थांनी खड्ड्यात छत्री उभी करून तिचा फोटो काढून आणला होता. खोली छान कळत होती. रस्ता कोणता ते मात्र फोटोवरून त्यांनाही सांगता येईना.

मग इनास आला.

इनास पश्चिमेकडच्या एका वाडीतला. वाडीचं आणि नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही. ती नगरपरिषद आता महानगरपालिकेत विरून गेली आहे आणि वाडीतली माणसं अजून माझ्याकडे येतात. इनासची थोडी केळीची बाग होती, पण लोक त्याला ओळखायचे ते ट्रम्पेटसाठी. वाडीचा बँड होता आणि इनास त्याचा मुख्य वाजवणारा. लग्नाची वरात असो, चर्चचा सण असो, कोणाची अंत्ययात्रा असो, पुढे इनास. घर चालायचं तेही बरंचसं त्याच्यावरच.

तो खुर्चीत बसला आणि बोलायला लागला तेव्हा मला अर्धं कळलं नाही. वरचे पुढचे दात नव्हते. वरचा ओठ मधोमध फाटून शिवलेला होता. जबडा तारांनी बांधलेला नुकताच सोडला होता. बायको रोजी शेजारी बसली होती. ती सांगायला लागली.

दिवेलागणीला इनास लूनावरून सरावाहून परत येत होता. वाडीच्या तोंडाशी रस्त्यात पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह आहे. जमिनीखाली सिमेंटची चौकोनी पेटी, तिच्यात व्हॉल्व्ह, वर लोखंडी झाकण. झाकण बरेच दिवस नव्हतं. चोरीला गेलं असेल. समोरून आलेल्या मोटारीचा दिवा डोळ्यांवर आला, पुढचं चाक पेटीत गेलं आणि इनासची हनुवटी आणि तोंड पेटीच्या काठावर आपटलं.

"ट्रम्पेट पाठीवर होता," रोजी म्हणाली. "त्याला ओरखडा पन नाय."

इनासनं पिशवीतून ट्रम्पेट काढून टेबलावर ठेवला. पितळ चकचकीत पुसलेलं होतं.

"वकीलबाई," तो म्हणाला, "हा ओठावर टेकतो. मागं दात लागतात. दात नायत तर टेकनार कशावर?"

मी त्याला चहा पाजला, पण परत पाठवलं नाही. का ते सांगता येत नाही. कदाचित टेबलावर त्या दिवशी ग्रीस नव्हतं, पितळ होतं.

दुसऱ्या दिवशी मी जागा पाहायला गेले. नगरपरिषदेवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि मुदत फार थोडी असते, म्हणून घाई. जागेवर पाहते तर पेटीवर कोरं करकरीत झाकण. पुरावाच झाकलेला! वाडीतल्यांना विचारलं, अपघातानंतर इथे काय काय झालं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बस्त्यावकाका पुढे आले. पांढरी मिशी, ताठ मान, बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारे, वाडीतले वडीलधारे.

"आम्ही खड्डा बुजवला," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. रविवारी सण होता. चर्चातल्या माउलीची मिरवनूक तिथनं जाते. पोरगा तिथं पडला, आनखी कोनी पडायला नको. दगड-माती भरून, धुम्मस मारून एकदम सपाट केला. फादरनी मिस्सेच्या प्रार्थनेत आमचे आभार मानले."

"आणि मग हे झाकण?"

"मग लागलं," काका म्हणाले आणि घराकडे वळले.

मी पुढे विचारलं नाही. इनासचे कागद डॉक्टरांकडून मिळवायचे होते, नोटिशीची मुदत धावत होती, आणि मला वाटलं, ठीक आहे, खड्डा होता हे सांगायला सगळी वाडी तयार आहे. तेवढं पुरे.

नगरपरिषदेचा जबाब आला तो असा: हा रस्ता खासगी वाडीरस्ता आहे. पाण्याची लाइन जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातली असून तिचं हस्तांतर नगरपरिषदेकडे झालेलं नाही. रस्त्याशी, लाइनशी आणि व्हॉल्व्हशी नगरपरिषदेचा काहीही संबंध नाही. म्हणजे मला आता खड्डा होता एवढं दाखवून भागणार नव्हतं. तो नगरपरिषदेचा होता हे सिद्ध करायचं होतं, आणि हस्तांतराचा कागद कुठेच नव्हता.

तारखा पडत पडत शतक बदललं आणि साक्षी सुरू झाल्या.

पहिला इनास. नगरपरिषदेचे वकील माझ्यापेक्षा कितीतरी जुने, आवाज गोड, हात मागे बांधून उलटतपासणी घ्यायची सवय.

"तुम्ही आता जेवता ना?"

"जेवतो."

"बागेला पाणी घालता?"

"घालतो."

"आणि तुमचं वाद्य? ते शाबूत आहे?"

"हाय."

"मग अडचण काय आहे? आणलंय का बरोबर? वाजवून दाखवा की."

मी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, त्याची गरज नाही. पण तोवर इनासनं ट्रम्पेट उचलला होता. कवळी लावून तो आला होता. डोळे मिटले, ओठ टेकवला, छाती भरली. नळीतून हवा गेली, नुसती हवा, सायकलच्या चाकातून जाते तशी. कवळी सरकली. त्यानं पुन्हा टेकवला. पुन्हा हवा. लाळेची धार पितळावरून खाली आली आणि त्यानं ती शर्टाच्या बाहीनं पुसली, लहान मुलाचं नाक पुसावं तशी.

"नाटक बरं जमतं," वकील पुटपुटले.

"खाली ठेवा ते," न्यायाधीश इनासला म्हणाले. मग वकिलांकडे न बघता, "आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारा."

वकिलांनी कागद मिटले आणि ते बसले. मला वाटलं, आज आपण जिंकलो. धंद्यातला पहिला नियम असा की असं वाटलं की पाठीकडे बघावं. मी बघितलं नाही. मी बस्त्यावकाकांना पिंजऱ्यात बोलावलं.

माझ्या प्रश्नांना काकांनी खणखणीत उत्तरं दिली. खड्डा होता, झाकण नव्हतं, इनासला मीच उचलला. मग नगरपरिषदेचे वकील उठले, अगदी लाडात.

"काका, खड्डा तुम्ही बुजवलात. फार चांगलं केलंत. दरवर्षी सणाआधी रस्ता तुम्हीच नीट करता?"

"तर! नगरपरिषदेची वाट बघत बसलो तर माउलीची मूर्ती चिखलातून न्यायची काय?"

"दगड-माती कोण आणतं?"

"आम्हीच. घरटी एक मानूस."

"या रस्त्याला जमीन कोणी दिली?"

काकांची छाती पुढे आली. "आमच्या आज्यांनी. बैलगाडीसाठी आपापल्या बागेतली पट्टी सोडली. एक पैसा न घेता."

"म्हणजे रस्ता तुमचा."

मी उठले, पण काका माझ्या आधी बोलून गेले.

"आमचाच हाय! दुसऱ्या कोनाचा?"

"एवढंच," वकील म्हणाले आणि बसले. न्यायाधीशांच्या टंकलेखकानं ते वाक्य टाइप केलं. एकेक अक्षर मला ऐकू येत होतं.

बाहेर आल्याबरोबर मी काकांना गाठलं.

"काका, काय केलंत हे?"

"काय केलं? खोटं बोलू? शपथ घेतलीय मी."

"तुमचा रस्ता म्हटल्यावर नगरपरिषद इनासला कशाला काय देईल? तुमच्याच रस्त्यात तुमचाच माणूस पडला, असं झालं हे!"

काकांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता कळत होतं. ते एकदम चिडले. "रस्ता आमचा असंल, पन व्हॉल्व्ह कुठं आमचा? तो इंजिनिअर अंगावर आला तेव्हा नाय म्हनाला, तुमचा रस्ता म्हनून? तेव्हा तर पोलिसात..."

रोजीनं त्यांच्या हाताला जोरात चिमटा काढला. मला दिसलं.

"कोणता इंजिनिअर?" मी विचारलं.

इनास ट्रम्पेटची पिशवी बांधत राहिला. मी दोघांना आणि काकांना माझ्या खोलीत नेलं, दार लावलं. शेवटी रोजीच रडत बोलली.

खड्डा बुजवला तेव्हा वाडीनं व्हॉल्व्हही त्याच्याबरोबर पुरला होता. दगड आणि माती धुम्मस मारून बसवलेली. दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला व्हॉल्व्ह उघडता येईना, म्हणून नळाला पाणी येईना. वाडीचंच नाही, पुढच्या सगळ्या वस्तीचं. मग नगरपरिषदेचा कनिष्ठ अभियंता मजूर घेऊन स्वतः आला, सगळं उकरून काढलं आणि वाडी गोळा करून दम दिला: सरकारी मालमत्तेची नासधूस केलीत, एकेकाला आत टाकीन. वाडीनं हातापाया पडून गोष्ट मिटवली. कोणी कुठे बोलायचं नाही असं ठरलं. त्यानंतर काही दिवसांनी झाकण लागलं.

"आनि हे तुम्ही मला आज सांगता?" रागाच्या भरात माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली.

"तुम्ही सरकारी कागद लिहिता," रोजी म्हणाली. "तुम्ही लिहिलं असतं तर सगळी वाडी तुरुंगात. एका इनाससाठी सगळ्या घरांतली मानसं..."

म्हणजे ज्या गोष्टीनं व्हॉल्व्ह नगरपरिषदेचा ठरून दावा जिंकता येणार होता, ती गोष्ट त्यांनी गुन्हा समजून पुरून ठेवली होती. व्हॉल्व्ह पुरला तशीच. मला हसावं की रडावं कळेना. मी समजावलं, असा काही गुन्हा तुमच्यावर आता लागत नाही, साक्षीला या. नाही म्हणाले. काकासुद्धा. कोर्टात आपल्या एका वाक्यानं काय होतं ते त्यांनी नुकतंच बघितलं होतं.

राहिला एकच माणूस. तोच अभियंता. नगरपरिषदेनं त्यालाच साक्षीदार म्हणून ठेवला होता. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे आम्हाला सनद मिळायच्या आधीपासून शिकवतात. तो "मी गेलोच नव्हतो" म्हणाला असता तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. इनासचा दावा तिथेच संपला असता.

मी वाडीत गेले आणि एकच गोष्ट मागितली. बोलू नका, फक्त येऊन बसा.

साक्षीच्या दिवशी ते आले. मिस्सेचे कपडे, बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुष हात मांडीवर ठेवून. दुसरी, तिसरी रांग भरली. पट्टेवाल्यानं मला विचारलं, "बाई, लग्न आहे का कोणाचं?" मला हसू आलं नाही.

अभियंता पिंजऱ्यात आला. माझ्याच वयाचा, नीटनेटका, खिशाला पेन. आपल्याच वकिलांनी घेतलेल्या सरतपासणीत त्यानं पढवलेलं सगळं म्हटलं: रस्ता खासगी, लाइन जुनी, संबंध नाही. मग त्याची नजर त्या रांगांकडे गेली. जरा थांबली.

मी उठले.

"आपण या खात्यात किती वर्षं आहात?"

त्यानं सांगितलं.

"आपल्याविरुद्ध कधी कामचुकारपणाची तक्रार?"

"एकही नाही." मान वर झाली.

"समजा एखाद्या वस्तीचं पाणी अचानक बंद पडलं. आपण मजुराला पाठवता की स्वतः जाता?"

"स्वतः जातो. पाण्याच्या बाबतीत मी कोणावर विसंबत नाही."

"जुनी लाइन असली तरी?"

तो थबकला. त्याचे वकील हात सोडून पुढे सरकले. "लोकांना पाणी पाहिजे असतं," अभियंता म्हणाला. "लाइन कोणाची ते लोक विचारत नाहीत."

"बरोबर. अपघातानंतरच्या आठवड्यात या वाडीपुढचं पाणी बंद पडलं होतं. तेव्हा आपण स्वतः गेला होतात ना?"

"हरकत!" त्याचे वकील म्हणाले. "याचा दाव्याशी संबंध नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "संबंध आहे की नाही ते उत्तर आल्यावर ठरवू. उत्तर द्या."

अभियंत्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. तो रांगांकडे बघत होता. बस्त्यावकाका त्याच्याकडे बघत होते. ती माणसं पिंजऱ्यात येणार नव्हती हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. माझ्या मागे इनास बसला होता, आणि मला त्याच्या श्वासाचा शिट्टीसारखा आवाज येत होता, दातांच्या फटीतून.

"गेलो होतो," अभियंता म्हणाला.

"पाणी का बंद होतं?"

"व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये दगड-माती भरली होती."

"आपण काय केलंत?"

"उकरून घेतलं. पाणी सुरू केलं. त्याच दिवशी."

"कोणाच्या मजुरांनी?"

"नगरपरिषदेच्या."

"वाडीतल्या लोकांना आपण काही बोललात?"

तो हळू म्हणाला, "मी त्यांना म्हणालो, नगरपरिषदेच्या मालमत्तेला हात लावायचा नाही."

टंकलेखकाची अक्षरं पुन्हा ऐकू आली. या वेळी ती मला गोड लागली, हे कबूल करते.

"शेवटचा प्रश्न. नगरपरिषदेच्या त्या मालमत्तेवर झाकण का नव्हतं?"

"मी मागणी केली होती," तो म्हणाला. "दोनदा केली होती." आणि मग माझ्याकडे नाही, इनासकडे बघून, "झाकण आलं नाही. उशिरा आलं."

हे शेवटचं त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. त्याच्या वकिलांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याचं पुढे काय होणार ते कळलं. महिन्याभरात त्याची पाणी खात्यातून उचलबांगडी झाली, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर. मला तिथे कधी जावं लागलं तर तो दाखला चोख लिहून द्यायचा, वर बघायचा नाही. मी एकदा "नमस्कार" म्हटलं. त्यानं शिक्का मारला. खोटं बोलणाऱ्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खरं बोललेल्या एका माणसाचं माहीत आहे, आणि तो माझ्या प्रश्नांनी बोलला.

निकाल लागायला आणखी बराच काळ गेला. न्यायाधीशांनी लिहिलं की रस्त्याची जमीन कोणी दिली आणि सणाआधी त्यावर माती कोण टाकतं यानं फरक पडत नाही. ज्या नगरपरिषदेच्या ताब्यात व्हॉल्व्ह आहे, त्याचं झाकण नीट ठेवणं ही तिची जबाबदारी. एका बाबतीत मात्र त्यांनी नगरपरिषदेचं ऐकलं: खड्डा रोजच्या वाटेवरचा, इनासला माहीत होता, म्हणून काही दोष त्याच्याकडे जातो. तेवढी भरपाई कमी झाली. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. माणसानं रोजच्या वाटेवरून जाताना काय रोज मरणाचा विचार करत जायचं?

इनास पुन्हा ट्रम्पेट वाजवू शकला नाही. बस्त्यावकाका थकल्यावर त्यांचा मोठा ढोल त्यानं घेतला. एका लग्नात मी त्याला बघितलं. ढोल चांगला वाजवत होता. ट्रम्पेट दुसऱ्याच कोणाच्या तोंडाला होता आणि इनास त्याच्याकडे बघत नव्हता.

नगरपरिषदेनं अपील केलं. अपिलात निकाल कायम राहिला. भरपाई व्याजासह इनासच्या हातात पडली. नगरपरिषदेनं त्या भागातल्या सगळ्या व्हॉल्व्हच्या पेट्यांना झाकणं बसवली. उघड्या खड्ड्यानं माणूस जायबंदी झाला म्हणून नगरपरिषदेला जबाबदार धरणारा, माझ्या माहितीतला, आमच्या न्यायालयातला तो पहिला निकाल. तो दावा मी चालवला आणि जिंकला.